मिसिसिपीवरची जॅझची संध्याकाळ : आगबोटीवर पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी

अमेरिकेतील न्यू ऑर्लीन्स शहराच्या जुन्या फ्रेंच वस्तीतून टूलूज रस्त्याने मिसिसिपी नदीकडे चालत गेले की रस्ता संपतो तिथे धक्क्याला लागलेली ‘नॅचेझ’ ही पांढरीशुभ्र आगबोट दिसते. तिच्या मागच्या अंगाला लाल रंगाचे भलेमोठे लाकडी चाक आहे आणि माथ्यावर दोन उंच धुराडी आहेत. संध्याकाळी सहाच्या सुमारास प्रवाशांना आत घेऊन ही बोट सातला धक्का सोडते आणि नऊला परतते. या दोन तासांत सूर्यास्त, जेवण आणि जॅझ असे तिहेरी सुख मिळते, परंतु ही तिन्ही सुखे एकाच वेळी समोर आली तर त्यांतले एक हातातून निसटते. माझ्या मते नवख्या माणसाने आधी शिकायला हवे ते एवढेच, की या तिघांची वेळ एकमेकांवर येऊ द्यायची नाही आणि तसा प्रसंग आलाच तर संगीताला झुकते माप द्यायचे. सूर्य रोज मावळतो आणि चांगले जेवण शहरात शंभर ठिकाणी मिळते, पण ज्या नदीवर जॅझ वाढले त्याच नदीवर, वाफेवर चालणाऱ्या बोटीत बसून ते ऐकण्याचा योग पुन्हा येईलच असे नाही.

तारीख ठरवताना आधी सूर्य पाहावा

बहुतेक जण सुट्टी पाहून तारीख निवडतात आणि मग बोटीवर चढताना अंधार पडलेला पाहून हिरमुसतात. न्यू ऑर्लीन्समध्ये डिसेंबरात सूर्य संध्याकाळी पाचलाच मावळतो, म्हणजे हिवाळ्यात सातची फेरी संपूर्ण रात्रीची असते. मार्चच्या दुसऱ्या रविवारी अमेरिकेतील घड्याळे एक तास पुढे जातात आणि त्यानंतर चित्र बदलते. मार्चच्या मध्यावर सूर्यास्त सव्वासातच्या थोडा आधी होतो, एप्रिलच्या मध्यावर साडेसातच्या सुमारास, मेच्या मध्यावर पावणेआठला आणि जूनच्या उत्तरार्धात आठ वाजून चार-पाच मिनिटांनी. ऑगस्टच्या मध्यापर्यंत तो पुन्हा पावणेआठच्या जवळ येतो, सप्टेंबरच्या मध्यावर बोट सुटता सुटताच होतो आणि ऑक्टोबरच्या मध्यावर साडेसहाला, म्हणजे बोट धक्क्यालाच असताना, उरकतो. म्हणून सूर्यास्त नदीच्या मध्यावरून पाहायचा असेल, तर मार्चच्या मध्यापासून सप्टेंबरच्या पूर्वार्धापर्यंतचाच काळ धरावा.

या काळातही सगळे महिने सारखे नाहीत. जून ते नोव्हेंबर हा चक्रीवादळांचा अधिकृत हंगाम असून जुलै-ऑगस्टमधला दमट उकाडा मुंबईच्या ऑक्टोबरची आठवण करून देणारा असतो. दुपारी गडगडाटासह सरही येऊन जाते, मात्र तीच सर ओसरल्यावर संध्याकाळचे आकाश विलक्षण रंगते. एप्रिल आणि मेचा पहिला पंधरवडा मला सर्वांत समाधानाचा वाटतो. त्या दिवसांत शहरात एप्रिलमधला फ्रेंच क्वार्टर महोत्सव आणि एप्रिलअखेरीस सुरू होणारा, १९७० पासून चालत आलेला मोठा जॅझ महोत्सव असतो, त्यामुळे हॉटेलांचे दर चढतात आणि बोटीची तिकिटेही लवकर संपतात. महोत्सवाच्या आठवड्यात जायचे असेल तर आरक्षण दीड-दोन महिने आधी करावे.

तिकीट घेताना तीन गोष्टी वाचाव्यात

पहिली गोष्ट म्हणजे बोटीचे नाव. नॅचेझ चालवणाऱ्या कंपनीची ‘सिटी ऑफ न्यू ऑर्लीन्स’ नावाची दुसरी चाकाची बोट आहे आणि जॅझची फेरी तीही करते. ती देखणी आहे, परंतु वाफेवर चालत नाही. तिसरी ‘क्रिओल क्वीन’ ही वेगळ्या कंपनीची असून ती वेगळ्या धक्क्यावरून सुटते. ज्यांना खरी आगबोट अनुभवायची आहे त्यांनी तिकिटावर नॅचेझ हेच नाव असल्याची खात्री करून घ्यावी आणि कोणतेही तिकीट असले तरी धक्का नीट वाचावा, कारण ऐन वेळी नदीकाठाने सामानासह धावणारी कुटुंबे मी पाहिली आहेत.

दुसरी गोष्ट म्हणजे तिकीट जेवणासह आहे की जेवणाविना. दोन्ही प्रकार मिळतात, संगीत आणि डेक दोघांनाही खुले असतात, आणि जेवणासहचे तिकीट बरेच महाग असते. तिसरी आणि सर्वांत कमी वाचली जाणारी गोष्ट म्हणजे जेवणाची पंगत. जेवण दोन पंगतींत होते. पहिली पंगत साधारणपणे बोट धक्क्याला असतानाच बसते आणि दुसरी बोट सुटल्यानंतर. मे ते ऑगस्ट या काळात जाणाऱ्यांनी निःशंकपणे पहिली पंगत मागावी, म्हणजे सातपर्यंत हात धुऊन मोकळे होता येते आणि सूर्य खाली येईल तेव्हा माणूस वरच्या डेकवर असतो. पहिल्या खेपेला मी जूनमध्ये दुसरी पंगत घेतली होती. आठ वाजता मी ताट हातात घेऊन रांगेत होतो आणि खिडकीतून समोरच्या भिंतीवर पडलेला नारिंगी उजेड तेवढा दिसला. मार्चअखेरीस किंवा सप्टेंबरात मात्र सूर्य सव्वासाताच्या आगेमागे बुडतो, तेव्हा दुसरी पंगत घेतली तरी चालते, कारण जेवणाला बसण्यापूर्वीच आकाशाचा खेळ आटोपलेला असतो.

जेवणासह की जेवणाविना : शाकाहारी कुटुंबांसाठी थोडे विस्ताराने

बोटीवरचे जेवण बुफे पद्धतीचे आणि लुइझियाना राज्याच्या क्रिओल, म्हणजे फ्रेंच, स्पॅनिश आणि आफ्रिकी चवींच्या मिश्रणातून घडलेल्या, वळणाचे असते. या पाककृतीचा पाया कांदा, सेलरी आणि ढोबळी मिरची या तीन भाज्यांवर उभा आहे. गम्बो हा तिचा मानाचा पदार्थ म्हणजे मैदा आणि तेल मंद आचेवर तपकिरी होईपर्यंत परतून, त्यात या तीन भाज्या, मांस किंवा मासळी घालून शिजवलेला दाट रस्सा, जो भातावर घेतात. त्याचे नाव पश्चिम व मध्य आफ्रिकेच्या भाषांतील भेंडीच्या नावावरून आले आहे आणि अनेक घरांत आजही तो भेंडीनेच दाटसर करतात. गुलाम म्हणून आणलेल्या माणसांनी ही चव येथे रुजवली, हे खाताना लक्षात असावे.

आपल्या शाकाहारी मंडळींची फसगत होते ती लाल राजमा आणि भातावर. दिसायला तो आपल्या राजम्याचा सख्खा भाऊ, पण परंपरेप्रमाणे त्यात डुकराचे हाड किंवा सॉसेज शिजवलेले असते. हिरव्या पालेभाजीतही हॅम घालण्याची पद्धत आहे, आणि भाताला किंवा सूपला कोंबडीचे पाणी वापरलेले असू शकते. म्हणून ‘मांस आहे का’ एवढे विचारून थांबू नये. ‘शिजवताना मांसाचे पाणी, चरबी किंवा हाड वापरले आहे का’ असे विचारावे, आणि हा प्रश्न पंगतीच्या रांगेत नव्हे, तर आरक्षण करतानाच लेखी विचारावा. शेवटी येणाऱ्या ब्रेड पुडिंगवर बहुधा व्हिस्कीचा सॉस असतो, तेव्हा मुलांसाठी तो बाजूला ठेवायला सांगावे. मासे-मांस खाणाऱ्यांनी जेवणासहचे तिकीट जरूर घ्यावे. काटेकोर शाकाहारी कुटुंबाला मात्र मी जेवणाविना तिकीटच सुचवेन. पाचच्या सुमारास शहरातच नीट जेवून घ्यावे, किंवा निदान जॅक्सन चौकासमोरच्या १८६२ पासून चाललेल्या कॅफे द्यू माँदमध्ये पिठीसाखर भुरभुरलेले तळलेले बेन्ये आणि चिकरी घातलेली दूध-कॉफी घ्यावी. चिकरीची चव आपल्या ओळखीची असल्यामुळे परक्या शहरात ती कॉफी घरची वाटते. तेथून धक्का पाच-सात मिनिटांच्या चालीवर आहे.

पेये तिकिटात धरलेली नसतात. मद्य मागणाऱ्याचे वय २१ पूर्ण असावे लागते आणि चेहऱ्यावर वय दिसत असले तरी ओळखपत्र मागतात, म्हणून भारतातून गेलेल्यांनी पासपोर्ट जवळ ठेवावा.

कपडे

पोशाखाची सक्ती नाही, तरीही ही संध्याकाळ नेटके कपडे घालण्याजोगी आहे. साडी नेसून गेल्यास हरकत नाही. फक्त जिने अरुंद व चढणीचे आहेत आणि नदीवर वारा असतो, तेव्हा पदर खोचावा आणि टाचेच्या चपला टाळाव्यात. उन्हाळ्यातही अंगावर घ्यायला शाल हवीच, कारण जेवणाच्या दालनातले वातानुकूलन फार गार असते आणि बाहेरच्या दमट हवेतून आत गेल्यावर ज्येष्ठांना ते बाधते.

सहा ते सात : ज्या तासाकडे दुर्लक्ष होते

बोट सातला सुटते म्हणून पावणेसातला पोहोचणारे एक मोठी गोष्ट गमावतात. सुटण्यापूर्वी बोटीच्या माथ्यावर कॅलिओपी वाजवली जाते. वाफेच्या ३२ शिट्ट्या पेटीसारख्या पट्ट्यांनी वाजवण्याचे हे वाद्य आहे. प्रत्येक सुराबरोबर वाफेचा पांढरा लोट उठतो आणि आवाज पलीकडच्या काठापर्यंत जातो. लहान मुलांचे कान जवळून दुखतील इतका तो तीव्र असतो, म्हणून ऐकायला धक्क्यावरची किंवा खालच्या डेकची जागा चांगली.

ज्यांची पंगत नंतरची आहे त्यांनी या तासात खालच्या मजल्यावरच्या इंजिनघरात जावे. प्रवाशांना ते पाहता येते, आणि माझ्या दृष्टीने बोटीचे काळीज तेच आहे. आजची नॅचेझ १९७५ साली बांधली गेली, पण तिची वाफेची इंजिने त्याहून अर्धशतकाने जुनी, १९२५ सालची आहेत. एका पोलाद कंपनीच्या ‘क्लेअरटन’ नावाच्या बोटीवरून ती उतरवून येथे बसवली. बॉयलरमधली वाफ सिलिंडरमध्ये शिरते, दांडा ढकलते, आणि तो दांडा सुमारे २५ फूट व्यासाचे, २६ टनांचे ओकच्या फळ्यांचे चाक फिरवतो, हे सगळे डोळ्यांसमोर घडताना दिसते. कोकण किनाऱ्यावर ज्यांनी भाऊच्या धक्क्यावरून सुटणाऱ्या बोटींना आयुष्यभर ‘आगबोट’ म्हटले, त्या पिढीतील कोणी सोबत असेल तर त्यांना येथे अवश्य न्यावे, कारण त्या शब्दातली आग प्रत्यक्ष पाहण्याची जागा आता जगात थोड्याच ठिकाणी उरली आहे. नॅचेझ नाव धारण करणारी ही नववी बोट. सहावीने १८७० साली ‘रॉबर्ट ई. ली’ या बोटीशी न्यू ऑर्लीन्स ते सेंट लुई अशी शर्यत लावली होती आणि ती हरली. त्या शर्यतीवर अटलांटिकच्या दोन्ही काठांवरच्या, म्हणजे अमेरिका आणि युरोपच्या, वर्तमानपत्रांचे लक्ष लागले होते.

सात ते आठ : डेक

भोंगा वाजून बोट सुटली की ती बहुधा प्रवाहाबरोबर खाली जाते. त्यामुळे मावळता सूर्य बोटीच्या मागे, शहराच्या बाजूला राहतो. सगळी गर्दी सवयीने पुढच्या टोकाला जमते. आपण मात्र वरच्या डेकच्या मागच्या कठड्याशी उभे राहावे. तेथून खाली चाकाने उडवलेले पाणी, त्यापलीकडे संत लुई कॅथीड्रलची तीन टोके आणि त्यांच्यामागे उंच इमारतींआड उतरणारा सूर्य, असे सगळे एका नजरेत येते. चाकाचे तुषार वाऱ्याबरोबर खालच्या डेकवर येतात, म्हणून कॅमेरा घेऊन वरच थांबणे बरे.

थोड्याच वेळात बोट उजव्या हाताच्या अल्जियर्स पॉइंटला वळसा घालते. येथे नदी जवळजवळ काटकोनात वळते आणि तिची खोली सुमारे २०० फुटांपर्यंत जाते. संपूर्ण मिसिसिपीतील हा सर्वांत खोल टप्पा मानला जातो. मोठमोठी मालवाहू जहाजे याच वळणावरून जातात, त्यामुळे बोट मध्येच संथ झाली तर घाबरण्याचे कारण नाही. पुढे डाव्या काठाला १९०९ पासून चालू असलेला साखर शुद्धीकरणाचा अजस्र कारखाना दिसतो. अंधार पडल्यावर बोट माघारी फिरते आणि तेव्हा शहराचे दिवे समोर येतात; म्हणून परतीच्या वाटेवर पुढचा कठडा चांगला. सूर्य बुडाल्यानंतर वीस-पंचवीस मिनिटे आकाशात रंग टिकतो, तेवढा वेळ डेकवर द्यावा आणि मग आत जावे.

आठ ते नऊ : ऐकावे कसे

येथे मी थोडा रेंगाळणार आहे, कारण आपल्याकडून गेलेली मंडळी नेमकी येथेच पाठ फिरवून गप्पांना बसतात. त्यांना संगीताचे वावडे असते असे नाही. समोर काय चालले आहे हे कोणी सांगितलेले नसते, एवढेच.

बोटीवर वाजते ते न्यू ऑर्लीन्सचे पारंपरिक जॅझ. त्यात ट्रम्पेट मुख्य चाल धरतो, क्लॅरिनेट त्या चालीच्या वरून वेलबुट्टी काढत जातो आणि ट्रॉम्बोन खालून तिला टेकू देत घसरत-सरकत राहतो. बँजो किंवा पियानो, ट्यूबा किंवा उभा बास आणि ड्रम हे तिघे ताल व स्वरांचा आधार सांभाळतात. पहिल्या गाण्याला डोळे मिटून फक्त ट्रम्पेट ऐकावा, दुसऱ्याला फक्त क्लॅरिनेट, तिसऱ्याला ट्रॉम्बोन. चौथ्या गाण्याला तिघांचे एकमेकांशी चाललेले बोलणे आपोआप ऐकू येऊ लागते. तिघेही एकाच वेळी, आयत्या वेळी सुचेल तसे वाजवत असतात आणि तरीही एकमेकांच्या पायात येत नाहीत, हेच या शैलीचे वैभव आहे.

शास्त्रीय मैफली ऐकणाऱ्याला आणखी एक किल्ली देता येते. जॅझमधले गाणे ठरावीक लांबीच्या आवर्तनांत फिरते; १२ किंवा ३२ मात्रागटांचे एक आवर्तन संपले की तेच स्वरांचे चक्र पुन्हा सुरू होते. सुरुवातीला सगळे मिळून चाल मांडतात, मग एकेक वादक पुढे येऊन त्या चक्रावर आपली उपज करतो, आणि शेवटी सगळे पुन्हा चालीवर येतात. आपण समेवर दाद देतो, तशी येथे एकल वादन संपताना, पुढच्या वादकाने सुरुवात केली तरीही, टाळ्या वाजवण्याची रीत आहे. गाणे संपेपर्यंत थांबलात तर ज्याला दाद द्यायची तो केव्हाच मागे गेलेला असतो. टाळीने ठेका धरायचा असेल, तर चारांतल्या दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर धरावा. पहिल्या-तिसऱ्यावर धरण्याची आपली सवय मोडायला दोन गाणी लागतात.

या बोटीवरचे संगीत हे पर्यटकांसाठी लावलेले तोरण नाही, हेही जाणून घ्यावे. विसाव्या शतकाच्या आरंभी स्ट्रेकफस कुटुंबाच्या बोटी या नदीवर नाचगाण्याच्या फेऱ्या काढत आणि त्यांवर फेट मॅराबल या पियानोवादकाचा वाद्यवृंद असे. कृष्णवर्णीय वादकांच्या त्या वृंदात १९१८ नंतरच्या काही वर्षांत लुई आर्मस्ट्राँग हा पुढे जगभर गाजलेला कोवळा तरुण ट्रम्पेटच्या धाकट्या भावाचे, कॉर्नेटचे, वादन करत होता. मॅराबल कडक शिस्तीचा. कागदावरची नोटेशन वाचता आलीच पाहिजे असा त्याचा दंडक होता आणि आर्मस्ट्राँगने ती विद्या या बोटींवरच पक्की केली. वाद्य वाजवणारे कृष्णवर्णीय आणि नाचणारे बहुतांश गोरे, अशी वर्णभेदाची भिंत त्या बोटींवर होती. ज्यांच्या सुरांनी डेक भरून जाई त्यांच्या आप्तांना गोऱ्यांच्या त्या फेऱ्यांत प्रवासी म्हणून त्याच डेकवर पाऊल ठेवता येत नसे, ही गोष्ट मला ते संगीत ऐकताना विसरता येत नाही. आज शहराच्या विमानतळाला आर्मस्ट्राँगचेच नाव आहे.

आणि हा सूर आपल्याला अगदीच परका नाही. गोव्यातील आल्दोना गावचे आंतोनियो शाविएर वाझ, म्हणजे मुंबईचे ट्रम्पेटवादक चिक चॉकलेट, हे ‘हिंदुस्थानचे लुई आर्मस्ट्राँग’ म्हणून ओळखले जात. सी. रामचंद्र, म्हणजे आपले चितळकर अण्णा, यांच्या १९५०च्या आसपासच्या चित्रपटगीतांत जो खट्याळ ट्रम्पेट घुमतो, त्यामागे या गोमंतकीय वादकांची साथ आहे. घरातल्या ज्येष्ठांना एवढे सांगितले तरी ते खुर्ची वाद्यवृंदाकडे वळवतात.

रात्र रंगात आली की ‘सेकंड लाइन’ सुरू होऊ शकते. येथील अंत्ययात्रांत बँड स्मशानाकडे जाताना संथ सूर आणि परतताना आनंदी सूर वाजवी. आप्त आणि बँड ही पहिली रांग, तर मागून नाचत येणारे लोक ही दुसरी. हातरुमाल हवेत फिरवत टेबलांमधून फिरणाऱ्या त्या रांगेत बोलावणे आले तर संकोच करू नये. पांढरा रुमाल खिशात असलेला बरा.

बक्षिसी आणि उतरणे

वाढपी आणि बारवरच्या कर्मचाऱ्यांना बिलाच्या १८ ते २० टक्के बक्षिसी देण्याची अमेरिकेत रीत आहे. बिलात ती आधीच धरलेली नाही ना, एवढे पाहावे. वादकांसमोर बरणी ठेवलेली असेल तर तीत पाच-दहा डॉलर घालावेत, आणि फर्माईश करायची असेल तर ती दोन गाण्यांच्या मध्ये, बरणीत पैसे घालून, हळू आवाजात सांगावी. त्यासाठी सुट्या नोटा घरूनच घेऊन निघावे.

नऊला बोट धक्क्याला लागली तरी घाईने उठू नये. जिन्यांवर दहा मिनिटे कोंडी होते आणि वाद्यवृंद बहुधा तोवर एखादी चाल वाजवत असतो. उतरल्यावर ज्यांचे कान अजून भरलेले नसतील त्यांच्यासाठी नदीकाठच्या वस्तीपलीकडे फ्रेंचमन रस्ता आहे. वीस मिनिटांच्या चालीवर एकाला लागून एक अशी संगीताची ठिकाणे असून ती खरी दहानंतरच जागी होतात. रात्री तेथे एकट्याने न जाता चौघांनी मिळून जावे, उजेडाचा डेकेटर रस्ता धरावा, आणि मुले पेंगुळलेली असतील तर धक्क्याबाहेरूनच टॅक्सी करून सरळ हॉटेल गाठावे.